मिरचीच्या देठाचं दही

“पण बाई, चुकीच्या आकड्यापासून निघालो तर बरोबर उत्तराला पोचणार कसा?”

शार्दूलने विचारलं आणि संशोधन सोडत असल्याचा अर्ज कमलजाबाईंपुढे ठेवला. त्यावर मार्गदर्शक म्हणून त्यांची सही हवी होती.

रेणूंची गणितं आपल्याकडे पहिल्यांदा मांडली ती कमलजाबाईंनी. संगणक नव्हते तेव्हा, लॉग टेबल घेऊन. रेणूतले इलेक्ट्रॉन कसे पसरले असतील याचा आधी अंदाज धरायचा. गणितातून जे येईल, तोच पुढचा अंदाज. दोन्ही अंदाज एकमेकांशी जुळेपर्यंत थांबायचं नाही.

शार्दूल जन्माचा पहिला नंबरवाला. अंदाज चुकीचा वाटला की खोडरबर. वर्ष झालं, वही कोरीच.

बाई नुकत्याच महिनाभराने बहिणीकडून परतल्या होत्या. देवापुढे दिवा लावून त्या म्हणाल्या की सोमवारच्या नैवेद्याला दही हवं, आणि घरात विरजण नाही.

शार्दूल शेजारी मागून आणतो म्हणाला.

“दिवेलागणीनंतर विरजण कोण देईल तुला?”

विरजणाऐवजी त्यांनी कोमट दुधात दोन हिरव्या मिरच्या देठासकट सोडल्या. वर झाकण ठेवलं.

“सोमवारपर्यंत रोज येऊन दूध तू विरजायचं. सहीचं मग बघू.”

शनिवारी झाकण काढलं. तार सुटलेली, वरून मिरचीचा वास. शार्दूलने नाक मुरडलं, हे टाकून देऊ या म्हणाला.

“चमचाभर ठेव. नव्या दुधात घाल.”

रविवारी जरा बरं लागलं. नैवेद्याला न्यावं असं मात्र नव्हतं. त्यातलंही चमचाभर नव्या दुधात गेलं.

सोमवारी वाटी उपडी केली तरी दही हललं नाही.

नैवेद्य दाखवून झाला. बाईंनी चमचाभर दही-साखर शार्दूलच्या तळहातावर ठेवली. घराबाहेर निघणाऱ्याला देतात, तशी.

त्याला वाटलं, बाई निरोप देताहेत. दही चाटून तो हळूच म्हणाला, “म्हणजे… सही करताय ना?”

बाईंनी अर्ज पुढे ओढला. पेनचं टोपण काढलं.

“करते की. आधी या वाटीतून शनिवारचं दही वेगळं काढून दाखव. टाकून देणार होतास ना?”

शार्दूलने वाटीत चमचा घातला, आणि तसाच परत ठेवला.

मग मोरीवर जाऊन हात धुतला. पिशवीतून कोरी वही काढली. पेन्सिल काढली, शेजारी खोडरबर ठेवला, आणि पहिला आकडा लिहायला वाकला.

बाईंनी पेन्सिल काढून घेतली. सहीसाठी उघडलेलं पेन त्याच्या हातात दिलं.

“शाईनं लिही.”