निवासनं हात खाली घेतला

घाटाखालच्या एका गावात बांगड्या विकणारी एक बाई राहायची. रखमाकाकू कासार. नवरा लवकर गेला, पण बाईनं धीर सोडला नाही. डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन ती वाड्यावस्त्या हिंडली आणि पोराला मोठं केलं. पोराचं नाव निवास. त्याला गाडीचं भारी वेड. मोटारसायकल दिसली की हा जेवण विसरायचा. शेवटी काकूंनी साठवलेल्या पैशातून त्याला एक जुनी गाडी घेऊन दिली.

गावात असल्याच वेड्यांचं एक मंडळ होतं. कुणी दूध संघात कामाला, कुणी वेल्डिंगवाला, कुणी मास्तर. पोटासाठी नव्हे, नुसत्या हौसेसाठी ही मंडळी वर्षातून एकदा माळावरच्या मातीत गाड्या पळवायची. जिंकेल त्याला पितळी ढाल. जो लागोपाठ तीन वर्षं जिंकेल, त्याच्या घरी ती कायमची. मधलं एक वर्ष जरी चुकलं, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

निवास दोन वर्षं जिंकला होता. काकूंनी देवघराशेजारच्या फळीवरचे डबे हलवून ढालीला जागासुद्धा करून ठेवली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला ती फळी दाखवायच्या. न विचारताच दाखवायच्या.

काकूंच्या भिंतीला भिंत लागून गजबर मुल्लाचं घर. निवास आणि गजबर लहानपणापासूनचे दोस्त, संध्याकाळचा चहा एकाच पायरीवर. गजबरही मंडळात होता. आदल्या वर्षीच्या रेसमध्ये पावसाच्या सरीत माळावरच्या विहिरीजवळच्या वळणावर त्याची गाडी घसरली आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. हाड सांधलं, पण मनातली कळ काही गेली नाही.

यंदा रेसच्या दिवशी सकाळपासूनच पाऊस लागला. गजबरची बायको दिलशाद काकूंच्या दारात येऊन उभी राहिली. हळू आवाजात म्हणाली, "मावशी, पत्र्यावर पाऊस वाजाय लागल्यापासनं त्यांनी भाकरीला हात लावला न्हाई. जाऊ नका म्हटलं, तर म्हणत्यात, लोक काय म्हणतील?"

निवास आत बूट चढवत होता. भिंतीला कान असतात, इथं तर दारच उघडं होतं. त्यानं सगळं ऐकलं आणि गाडी बाहेर काढली.

आता या मंडळाची एक रीत सांगायला हवी. पाऊस आला की मंडळाचे बाळगोंडा अण्णा झेंडा घेऊन उंचवट्यावर उभे राहत आणि सगळ्या गावासमोर विचारत, "कोण कोण पळवणार? हात वर!" सगळे हात वर करत आणि अण्णांची मोजणी होईपर्यंत वरच ठेवत. जो करणार नाही, त्याच्या हँडलला हिरव्या बांगड्या अडकवायच्या. म्हणजे काय, तर हा भित्रा. इतक्या वर्षांत बांगड्या कुणाच्याच हँडलला लागल्या नव्हत्या. मंडळाला याचा फार अभिमान होता. बांगड्या भरलेले हात घरोघरी काय काय पेलतात, ते या शूरांना कोण सांगणार?

माळावर छत्र्यांची गर्दी झाली होती. माती लोण्यासारखी झालेली. निवासच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, कारण चिखलात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. लोक त्याला चिखलातला बेडूक म्हणायचे. पाऊस म्हणजे ढाल घरात आल्यातच जमा.

अण्णांनी विचारलं, "पाऊस हाय. कोण कोण पळवणार? हात वर!"

भराभर हात वर गेले. निवासचाही गेला. मग त्यानं शेजारी पाहिलं. गजबरचा एक हात वर होता आणि दुसरा गळ्याजवळच्या हाडावर. गजबर समोर बघत होता, पण त्याला समोरचं काही दिसत नव्हतं.

निवासनं हात खाली घेतला.

"काय रं निवास, हात दुखला काय?" अण्णांनी हसून विचारलं.

"न्हाई अण्णा. मला भीती वाटतीया."

माळभर हशा पिकला. "बेडूक पावसाला भ्याला!" कुणीतरी ओरडलं. संग्राम म्हणून एक तापट गडी होता, निवासच्या खालोखाल जोरात पळवणारा. तो बांगड्या घेऊन आला आणि निवासच्या हँडलला अडकवून म्हणाला, "घे, तुझ्याच आईच्या पेटीतल्या हायत."

निवासनं बांगड्या हँडलवरून काढल्या. कासाराचं पोर ते, हात कसा दाबायचा हे त्याला पाळण्यापासून ठाऊक. अंगठा आत वळवून, पंजा दाबून त्यानं एक बांगडी न फोडता स्वतःच्या मनगटात चढवली आणि हात उंच करून सगळ्यांना दाखवला.

"असल्याच बांगड्या इकून आईनं मला ही गाडी घेऊन दिली," तो म्हणाला. "मला हिची लाज कसली?"

हसू जिथल्या तिथं थांबलं.

"आणि भीती कशाची, ते पण सांगतो. विहिरीच्या वळणावर आज कोण ना कोण पडणार. पडला की मागनं येणाऱ्याचा ब्रेक लागणार न्हाई. सगळ्यात जोरात मीच येतो. म्हंजे त्याच्या अंगावर जाणारा मीच असणार. त्याची भीती वाटतीया."

मग मास्तरांचा हात हळूच खाली आला. "माझ्या मनात सकाळपासून हेच होतं," ते पुटपुटले. वेल्डिंगवाल्याचा हात खाली आला. एकेक करत सगळे हात खाली आले. बांगड्या अडकवून पुन्हा हात वर करून उभ्या राहिलेल्या संग्रामनंही इकडंतिकडं बघत डोकं खाजवायच्या निमित्तानं हात खाली घेतला. वर राहिला तो एकट्या गजबरचाच. ज्याला सगळ्यात जास्त भीती, त्यालाच ती कबूल करणं सगळ्यात जड.

निवास त्याच्याजवळ गेला. "घे की खाली, मर्दा. अवघडंल हात."

गजबरनं हात खाली घेतला तो निवासच्या खांद्यावरच ठेवला. म्हणाला, "तुझी ढाल गेली की रं."

"मग काय झालं? ढाल काय संध्याकाळी पायरीवर चहा प्यायला येणार हाय?"

रेस झाली नाही. काही लोक कुरकुरत घरी गेले. काकूंनी सगळी हकिगत ऐकली. त्यांना वाईट वाटलं नाही असं कसं म्हणावं? आईच ती. पण त्या उठल्या, डबे पुन्हा फळीवर लावले आणि दिलशादला हाक मारून म्हणाल्या, "भाकरी टाक गं आता. आज जेवंल तो."

बाळगोंडा अण्णांना मात्र त्या रात्री चैन पडलं नाही. 'इतकी वर्षं आपण विचारत आलो ते पोरांना की गर्दीला?' दुसऱ्या दिवशी त्यांनी रीत बदलली. बांगड्या काकूंना परत केल्या. पाऊस आला तर आधी माळावर चालून माती बघायची. मग एकेकाला बाजूला घेऊन विचारायचं, आणि सगळ्यात तरबेज असेल त्याला सगळ्यात आधी; तोच 'नको' म्हणाला, तर रेस रद्द. कोण काय म्हणालं ते अण्णांच्या पोटात.

पुढच्या वर्षीही पाऊस आला, पण नुसती भुरभुर. माती धरत होती. निवास म्हणाला, "पळवू या." गजबर म्हणाला, "मला नको." अण्णांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि गजबरनं आपण होऊन विहिरीच्या वळणावर उभं राहून इशारा द्यायला एक झेंडा मागून घेतला. गाडी जवळ आली की तो झेंडा हलवत ओरडायचा, "दमानं रं, बाबांनो, दमानं!" त्या दिवशी संग्राम जिंकला. वळणावर कुणीही पडलं नाही.

तात्पर्य: पावसात गाड्या पळवाव्यात की नाही, हे माती बघून ठरवावं, गर्दी बघून नव्हे. जिथं 'नको' म्हणायची सोय नाही, तिथल्या 'हो'ला काही अर्थ नसतो. म्हणून जो सगळ्यात धीट असेल, त्यानंच भीती आधी बोलून दाखवावी, म्हणजे इतरांना तोंड उघडता येतं.