पाटीभर माती

एकदा एका तालमीत एक तरुण मल्ल होता. अंगापिंडाने मजबूत, डावपेचांत तरबेज. परंतु शेजारच्या गावच्या एका मल्लाने त्याला भर जत्रेत चीतपट केले होते. तो अपमान त्याच्या जिव्हारी लागला. जोर काढताना, बैठका मारताना तो त्याचाच चेहरा डोळ्यांपुढे धरी. तालमीतले सवंगडी गप्पा मारायला येत आणि कंटाळून निघून जात. ज्याच्या मनात अष्टौप्रहर एकच वैरी, त्याला दुसऱ्या कुणाची सोबत कशी लाभणार?

एके दिवशी बातमी आली, की त्या प्रतिस्पर्ध्याचा गुडघा कायमचा निकामी झाला. आता तो पुन्हा कुस्ती खेळणार नाही.

आपल्या मल्लाला आनंद व्हायला हवा होता, नाही का? काटा परस्परच निघाला. पण झाले उलटेच. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने लंगोट कसला आणि तो आखाड्याच्या कडेला नुसताच बसून राहिला. जोर काढायचे ते आता कुणासाठी? वडील गेले तेव्हाही त्याला इतके एकटे वाटले नव्हते.

तो वृद्ध वस्तादांकडे गेला. "वस्ताद, मला एखादा नवा वैरी दाखवा. न्हाईतर मी तालीम सोडतो."

वस्तादांनी आखाड्यातली तेल-ताक मुरलेली लाल माती पाटीत भरली आणि पाटी त्याच्या डोक्यावर दिली. "तुझ्या जुन्या वैऱ्याच्या घरी पोचवून ये."

मल्लाला वाटले, ज्याचा पाय गेला, त्याच्या दारात आखाड्याची माती न्यायची, म्हणजे जखमेवर मीठच की! पण वस्तादांचा शब्द मोडण्याची रीत नव्हती.

प्रतिस्पर्धी अंगणात बाजेवर बसला होता. पाय लांब पसरलेला, आणि हातात व्यायामाचे जड मुद्गल. बसल्या जागी तो ते खांद्यावरून फिरवत होता. पाटी पाहताच त्याने मुद्गल ठेवले, दोन्ही हात मातीत खुपसले, मूठभर माती नाकाशी नेली. त्याचे डोळे भरून आले.

"लई दिसांनी वास आला बघा. बसा की पैलवान. कुठल्या गावचं म्हणायचं तुम्ही?"

मल्ल चपापला. "मला वळखलं न्हाई? जत्रेत तुम्हीच पाडलं होतं मला."

"असंल, असंल," तो ओशाळून हसला. "माफ करा. मातीत उतरलो की समोर कोण हाय, ते माझ्या ध्यानातच राहत न्हाई."

"मग आता मुद्गल कशाला फिरवताय? कुस्ती तर संपली."

"कुस्ती संपली, पर पहाट व्हायची थांबली न्हाई. हात शिवशिवत्यात."

मल्ल खाली मान घालून परतला आणि त्याने घडले ते सांगितले. वस्ताद म्हणाले, "इतकी वर्षं ज्याला उरावर घेऊन फिरलास, त्याला तुझं नावसुद्धा ठावं न्हाई. वाईट वाटलं ना? वाटू दे. नवा वैरी काय, मी उद्या दाखवीन. पर तोबी कधीतरी थकंल, न्हाईतर तुझ्या हातनं पडंल. मग तू परत माझ्या दारात येशील, आणि तवर मी नसंन. तुला पहाटं कोण उठवतं, ते तुझं तूच हुडक."

"आणि न्हाई सापडलं तर?"

"तर तालीम सोड. त्यात लाज कसली?"

दुसऱ्या दिवशी तालमीत अजून कुणी आले नव्हते. मल्लाने सवयीने तो चेहरा आठवला. पण आता तो फक्त ओशाळून हसणारा एक माणूस होता. समोर हरवायला कुणीच नव्हते. छातीत पोकळी वाटत होती, तशातच त्याने एक जोर काढला, मग आणखी एक. घाम मातीत टपकू लागला आणि त्याला कितीतरी वर्षांनी आठवले: लहानपणी तो पहिल्यांदा या तालमीत आला, तेव्हा त्याचा वैरी कुणीच नव्हता, तरीही आई हाक मारत असताना त्याला घरी जायचे नव्हते.