उंबरदऱ्याचे सात द्रोण

उंबरदऱ्याच्या भैरवमठामागे जो सरळ तुटलेला कडा दिसतो, त्याला गावात महंताचा कडा म्हणतात. तिकडे गुरं चारायला कोणी नेत नाही. मठाचे म्हातारे गुरव विठूबुवा पाहुण्यांना पायरीवर बसवून त्याची हकिगत सांगतात.

फार पूर्वी मठात चैत्री जत्रेला भैरवासाठी नाचणीची दारू आंबवत असत. ती आंबवायचा मान लहानू ठाकराचा. त्याची बायको चिमाई. दारूची पारख तिच्यासारखी पंचक्रोशीत कोणाला नव्हती, म्हणे. एका वर्षी जत्रेत प्रसाद पिऊन अकरा माणसं तडफडून मेली. महंत केसरगीर ओरडला, "ठाकरानं विष कालवलं!" लोकांनी लहानूला उचलला आणि या कड्यावरून लोटून दिला.

चिमाईने रिकाम्या रांजणाच्या तळाशी बोट फिरवलं. गाळात धोतऱ्याचं बी होतं. महंताने अर्धी दारू परस्पर विकली होती, रांजण पाण्याने भरला होता आणि नशा कमी पडू नये म्हणून धोतरा घातला होता. पण ठाकराच्या विधवेचं कोण ऐकणार? ती वर्षभर मठातच नाचणी दळत राहिली. जात्याच्या प्रत्येक फेऱ्याला ती मनात नवऱ्याचं नाव घेई.

पुढच्या जत्रेला दारू प्यायला कोणी धजेना. खुद्द देशमुख आले होते. चिमाई पुढे झाली. "मी चाखते."

महंताने पुन्हा तोच उद्योग केला होता, आणि पहाटे अंगण झाडताना तिने तो पाहिला होता. धोतरा यंदा बेताचा घातलाय, एका घोटाने काय होतंय, या भरवशावर महंत हसला.

तिने द्रोण उन्हात धरला. फेस लगेच विरला. वास घेतला, भाजलेल्या नाचणीचा वास कुठेच नव्हता. घोट घेतला. आधी आंबट, मग गोड लागायला हवी, ती कडू लागली आणि जीभ कोरडी पडली. तिने तोंड पुसलं.

"खोट नाही," ती म्हणाली. "अगदी गेल्या वर्षीसारखीच आहे. पण माझ्या एकटीच्या शब्दावर लोक कसे पितील? गादीवरच्या माणसानं आधी सात द्रोण घ्यावेत."

"बाई बरोबर बोलते," देशमुख म्हणाले. "घ्या, महाराज."

चिमाई स्वतः ओतत राहिली. पाचव्या द्रोणाला महंताचा हात थांबला.

"खोट असेल तर सांगा, महाराज. आत्ता रांजण फोडते."

खोट सांगितली असती, तर अकरा माणसांचा जाब द्यावा लागला असता. तो प्याला. सातही प्याला.

दुपारपर्यंत त्याच्या डोळ्यांची बुबुळं फाकली. तो अंगावरची छाटी फाडू लागला. "लहानू, सोड मला! बी मीच घातलं!" असं ओरडत तो कड्याकडे धावला. दोघे अडवायला उठले, तशी चिमाई म्हणाली, "जाऊ द्या. लहानूनं वाट दाखवून ठेवलीय."

मग तिने मुसळाने रांजण फोडला आणि घरी गेली. ती रडली नाही, असं सांगतात.

आजही जत्रेचा पहिला रांजण ठाकरांच्या घरची बाईच चाखते. ती "खोट नाही" म्हणाली की महंताने तिच्यासमोर सात द्रोण प्यायचे, तेही तिच्या डोळ्यांत डोळे घालून. नजर खाली गेली की बाई मुसळ उचलते.

विठूबुवांच्या हयातीत दोन रांजण फुटलेत.