काळोख घासून काढलेले ताट

एका राज्यात असा एक राजा होता, की त्याला जेवणापेक्षा ताटाचेच कौतुक अधिक. नाव भद्रशील. ताटही तसेच होते म्हणा! अख्खे चांदीचे, काठावर वेलबुट्टी, वेलींत मैना, मोर, बगळे आणि सुतार पक्षी. राजाच्या पूर्वजांनी कल्माष नावाच्या जादूगार कारागिराकडून ते घडवून घेतले होते. पुढे आजीने माहेराहून हंसाच्या मानेची गुलाबदाणी आणली, वडिलांनी त्याच कल्माषाकडून झाकणावर पोपट बसवलेले पानदान करवले. असे करत करत राजाच्या पंक्तीला चांदीचे एक गावच वसले. जेवताना ताटावरचे पक्षी आपसांत कुजबुजत, आणि त्यात कुणाला नवल वाटत नसे.

राजाला रत्नकळा नावाची एकुलती एक कन्या होती. मुलगी गुणाची, पण टापटिपीचे भारी वेड. शेजारच्या राज्याचे पाहुणे जेवायला येणार म्हणून तिने भांडी उन्हात मांडली, आणि तिचा जीव कसानुसा झाला. नक्षीच्या रेघारेघांत काळे!

“केवढा हा मळ! दासींना डोळे आहेत की नाहीत?” असे म्हणून तिने पदर खोचला, बारीक वाळू घेतली, विटेची पूड घेतली आणि स्वतःच्या हातांनी भांडी घासली. घासली कसली, खरवडलीच. ताट असे लखलखले, की त्यात तोंड पाहावे. मोराचे डोळे गेले, मैनेचे पंख गेले, हे त्या लखलखाटात तिला दिसलेच नाही.

पंगत बसली. राजाने पहिला घास तोंडात घातला आणि दाताखाली कट्कन वाजले. घासाची चांदी झाली होती. दुसरा घास घेतला, त्याचीही चांदी. मग केळीच्या पानावर वाढले, मातीच्या परळात वाढले, लेकीने आपल्या हाताने भरवले. पण अन्न ओठांना लागले की त्याची चांदी. पाणी तेवढे घशाखाली उतरे. पाहुणे ओशाळून निघून गेले, राजवैद्यांनी माना हलवल्या. खजिनदार मात्र ते चांदीचे घास नीट वेचून पेटीत ठेवत होता. माणसे अशीही असतात. राजा दिवसेंदिवस वाळत चालला आणि रत्नकळेला तिचे मन खाऊ लागले.

ती भांड्यांच्या कोठीत रडत बसली असता पानदानावरचा पोपट बोलला. त्याचा एक डोळा आणि एक पंख तेवढा घासायचा राहिला होता.

“राजकन्ये, तो मळ नव्हता.”

“मग काय होते?”

“काळोख. कल्माषाने एकेका रेघेत हाताने भरलेला. त्याच्यावाचून पक्षी दिसत नाहीत, आणि दिसेनासे झाले की ते थांबत नाहीत. ताटावरचे सगळे उडून गेले. पक्षी गेले की ताटाच्या धन्याच्या घासाची चांदी होईल, हा शाप ताटाबरोबरच आला होता. पुढच्या पिढीला सांगायचे तेवढे कुणीतरी विसरले.”

“उपाय सांग.”

“ताट घे, मला खांद्यावर घे आणि काळ्या डोंगरावर चल. मला उडता येत नाही. ती कृपा तुझीच.”

काळ्या डोंगरावर कल्माष भट्टीपुढे बसला होता. वय विचारू नये इतका म्हातारा. ताट पाहताच त्याने कपाळाला हात लावला.

“कुणी केले हे?”

दासींवर ढकलता आले असते. तिथे कोण साक्षीला होते? एक पोपट तेवढा.

“मीच केले,” रत्नकळा म्हणाली.

म्हातारा जरा निवळला. “नक्षी मी पुन्हा उठवीन. काळोख मात्र तू आणायचा. पहिला झाडाखालचा, दुसरा विहिरीतला. तिसऱ्याचे मागाहून सांगेन.”

भर दुपारी रत्नकळेने वडाखाली आपला शेला अंथरला.

“किती हवी सावली?” वडाने विचारले.

“एका ताटापुरती.”

“ने. पण घडी नीट घाल, सांडू नकोस.” तिने सावलीसकट शेला दुमडला आणि ती पुढे निघाली.

विहिरीच्या तळाशी एक म्हातारे कासव राहत होते. काळोख द्यायला त्याची ना नव्हती, फक्त आधी आपले गाऱ्हाणे ऐकावे एवढीच अट. बेडूक फार ओरडतात, पाणी पूर्वीसारखे गार राहिले नाही, पोहरे डोक्यावर आपटतात, कुणी विचारपूस करत नाही. सूर्य कलला तरी गाऱ्हाणे संपेना. तिकडे वडील उपाशी आणि इकडे हे! रत्नकळेचा जीव तळमळत होता, पण तिने मध्ये तोंड घातले नाही. शेवटी कासवाने समाधानाने डोळे मिटले आणि तिचा तांब्या काळोखाने भरून दिला.

“आता तिसरा,” कल्माष म्हणाला. “तुझ्या केसांतला.”

तिचा हात वेणीवर गेला. त्या केसांची कीर्ती राज्यभर होती आणि तिला ती ठाऊकही होती. आवडतही होती, खोटे कशाला बोला.

“परत येईल तो?”

“नाही.”

तिला वडिलांची मनगटे आठवली. गेल्या खेपेला धरली तेव्हा नुसती हाडे हाताला लागली होती.

“घ्या,” ती म्हणाली.

कल्माषाने ताट हलू नये म्हणून ते वितळलेल्या राळेच्या थरावर बसवले आणि राळ घट्ट झाल्यावर छिन्नीने ठक् ठक् करत एकेक रेघ उठवली. रेघांत सावली भरली तशी वेल दिसू लागली. विहिरीतला काळोख भरला तसे पंख दिसू लागले. केसांतला भरला तेव्हा डोळे उघडले, आणि रत्नकळेची वेणी टोकापर्यंत पांढरी झाली. चहूकडून पक्षी आले. मैना आणि सुतार यांचे जागेवरून थोडे भांडण झाले, मग सगळे आपापल्या वेलीवर बसले. उरलेला काळोख पोपटाच्या पंखाला मिळाला आणि भात शिजवून ठेवा, असा निरोप घेऊन तो राजवाड्याकडे पुढे उडाला.

रत्नकळा पोचली तेव्हा राजा उशांना टेकून बसला होता. त्याने तिच्याकडे पाहिले आणि हात जोडले.

“माते, आपण कोण?”

“तात, मी रत्नकळा.”

राजाला ओळख पटली आणि रडू कोसळले. “माझ्या एका घासासाठी एवढे दिलेस?”

“तात, आधी जेवा. भात निवतो आहे.”

तिने ताटात मऊ भात वाढला, वर तूप घातले आणि घास कालवून त्याच्या ओठांशी नेला. राजाचे अश्रू घासात पडत होते. वैद्य, दासी, खजिनदार, सारे श्वास रोखून कट्कन आवाज येण्याची वाट पाहत होते. आवाज आला नाही. राजा चावत राहिला, बराच वेळ, आणि मग त्याने घास गिळला.

“मीठ फार झाले आहे,” तो म्हणाला.

रत्नकळा हसली, रडली, पुन्हा हसली. “मग आणखी भात घ्या,” ती म्हणाली आणि वाढतच राहिली. त्या दिवशी त्या राज्यात कुणी उपाशी निजले नाही. ऐकणाऱ्यांनीही उपाशी निजू नये.