चौथा सड

एका गावात चंद्राव्वा नावाची एक गवळण राहत होती. तिच्या चांदी म्हशीला गावात जो मान होता, तो पाटलालाही नव्हता.

काळ जुना. आता पैलवान डब्यातली पावडर दुधात घुसळतात आणि प्रोटीन किती मिळालं ते डब्यावर वाचतात. वाचू देत बापडे! तेव्हा तालमीतले गडी जोर-बैठका झाल्या की अंगावरच्या लाल मातीसकट पिंपळाच्या कट्ट्यावर येत. चंद्राव्वा तिथंच म्हैस पिळायची. कोमट धार थेट पितळी पेल्यात पडायची आणि पिणाऱ्याला फेसाच्या पांढऱ्या मिशा फुटायच्या. दुपारी घट्ट दही, जेवताना भाकरीवर लोण्याचा गोळा. काय ते दिवस होते, अन् काय ती अंगं होती! आठवलं की अजून जीव हळहळतो.

चंद्राव्वाच्या घरात सासऱ्यापासून चालत आलेली एक रीत होती. म्हशीचे तीन सड माणसांचे, चौथा तिच्या रेडकाचा. कट्ट्यावर कितीही पेले रिकामे राहोत, चौथ्या सडाला ती हात लावत नसे.

तिचा मुलगा दुंडाप्पा त्याच तालमीतला पैलवान. गेल्या जत्रेत शेजारगावच्या मल्लानं त्याला चहा निवायच्या आत चितपट केला होता. वर्षभर गावानं त्याला टोमणे मारले. जत्रेला महिना उरला, तेव्हा वस्ताद मगदूम त्याच्या आईसमोरच म्हणाले, “दुंडाप्पा, डाव तुला येतात, पण अंगात जोर कमी पडतोय. खुराक वाढव. यंदा पडलास तर पुन्हा गावाच्या नावानं लढायचं नाही.”

पोराचा पडलेला चेहरा बघून आईचा जीव तुटला. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावरून घरी आल्यावर तिनं चांदीच्या रेडीला खुंट्याला बांधलं आणि चौथा सड गुपचूप पिळून घेतला.

“हे जादा दूध कुठलं, अव्वा?” दुंडाप्पानं विचारलं.

“तुझ्या वाटणीचंच हाय. पी मुकाट्यानं.”

तो प्यायला. रोज पीत राहिला. त्याचे दंड भरले, छाती रुंदावली. वस्ताद खूश झाले. इकडे रेडीला पान्हा सुटेपर्यंत दोन घोट मिळायचे, बाकी कोंड्याचं पाणी. तिच्या बरगड्या दिसू लागल्या. चंद्राव्वाला ते दिसत होतं. पण जत्रा होईपर्यंतच तर करायचंय, असं ती स्वतःला बजावायची आणि गोठ्यातून खाली मान घालून बाहेर पडायची.

पंधरा दिवस झाले आणि एका सकाळी रेडीला उठताच येईना. चंद्राव्वा म्हशीला एकटीलाच घेऊन कट्ट्यावर गेली. चांदीनं मागं वळून पाहिलं, हंबरली आणि पान्हा चोरला. गोंजारून झालं, पेंड घालून झाली, पण दुधाचा थेंब येईना. पैलवान रिकामे पेले घेऊन उभे राहिले.

“दृष्ट लागली म्हशीला!” वस्ताद म्हणाले. “कुणीतरी जाऊन लिंबू-मिरची आणा रे.”

चंद्राव्वाला सुटायला आयती वाट मिळाली होती. नुसतं गप्प राहिलं की झालं. दृष्टीवर खापर फुटलं असतं आणि कुणाला काही कळलं नसतं. पण तिनं चरवी खाली ठेवली.

“दृष्ट नाही, वस्ताद. माझीच नजर बिघडली. रेडीचा सड मी पिळला आणि माझ्या पोराला पाजला. आता ती मरणाला टेकलीय.”

दुंडाप्पाचं तोंड काळवंडलं. तो घरी गेला, रेडीला उचलून घेऊन आला आणि म्हशीपुढं ठेवली. चांदी तिला चाटू लागली, तेव्हा कुठं पान्हा सुटला. दुंडाप्पानं ते दूध बोटानं रेडीच्या तोंडात सोडलं.

“रेडी चालायला लागेपर्यंत चारी सड हिचेच,” तो म्हणाला. “गड्यांनो, तुम्ही दुसरी म्हैस बघा. मला दूध नको.”

“अरे, जत्रा दोन आठवड्यांवर आली!” वस्ताद ओरडले.

“येऊ दे की.”

जत्रेत दुंडाप्पा भाकरी आणि भिजवलेल्या हरभऱ्यांवर लढला. पाऊण तास कुस्ती चालली. माणसं उभी राहून ओरडत होती. शेवटी त्याचा दम संपला आणि तो पडला. वस्ताद बोलले तसं वागले. गावाच्या नावानं लढायचा त्याचा मान त्या दिवशी संपला.

घरी आल्यावर चंद्राव्वा त्याच्या गळ्यात पडून रडली. “चूक माझी, आणि भोगलंस तू, लेकरा.”

दुंडाप्पानं तिचे डोळे पुसले. “अव्वा, पाठीला लागलेली माती धुता येते. रेडी मेली असती, तर ते मी कुठं धुतलं असतं?”

तात्पर्य: मुक्या जिवाच्या तोंडचा घास काढून मिळवलेलं बळ खरं बळ नव्हे, चूक कळताच तो घास परत करणाराच खरा बलवान.