पाचरीचं पाणी

एका राज्यात एक नदी होती, आणि ती दर पावसाळ्यात न बोलावता नगरात शिरायची. राजा भद्रसेनाच्या नगरातली खालची पेठ ती धुऊन न्यायची. माणसं, वासरं, पाळणे, जे हाती लागेल ते. राजाला हे बघवेना. नदीकाठी दगडी भिंत बांधायची, असं त्यानं ठरवलं. दगड होता नगराच्या वरच्या अंगाला, धनेश पक्ष्यांच्या डोंगरात. तिथं खाण उघडली.

त्या मुलखातले पाथरवट खडकात भोकं पाडत, त्यांत सुक्या लाकडाच्या पाचरी ठोकत आणि वर पाणी ओतत. लाकूड फुगलं की खडक दुभंगे. रीत अशी होती, की ज्याच्या घरासाठी दगड, त्यानं आपल्या घरचं पाणी आणून पाचरीवर ओतायचं. पण पावसाळा तोंडावर आला होता. राजा म्हणाला, "एवढ्या लांबून पाणी कोण वाहणार? डोंगराच्या झऱ्याचंच ओता."

ओतलं. भिंत झपाझप वाढली. पेठेतल्या बायका तिच्यावर पापड वाळत घालू लागल्या आणि राजाला दुवा देऊ लागल्या.

मग झरा आटला. झऱ्याकाठचे मोर दगडाचे झाले. मग शेळ्या झाल्या. मग डोंगरवाडीची माणसं झाली, जो जिथं होता तिथंच.

राजा एकटाच वर गेला. खाणीच्या काठाला एक जुना बेहडा होता. त्याच्या फांदीवर धनेश बसला होता.

"हे कुणी केलं?" राजानं विचारलं.

"तू," धनेश म्हणाला. "डोंगर त्याच्याच पाण्यानं फोडलास."

"खाण बंद केली तर पेठ बुडेल."

"नाही केलीस तर वाडी उठणार नाही. माझी कारभारीण या ढोलीत अंड्यांवर बसलीय, दार लिंपून. तिला फळं भरवताना मला इथून दोन्ही दिसतं. वाडी दिसते, आणि पुरात रडणारी पेठेतली पोरंही दिसतात."

"मग उपाय?"

"तीन कामं कर. नदीचं पाणी स्वतः वाहून आण आणि झऱ्यात ओत. मग दगड झालेल्यांना विचार, आणखी किती दगड घेऊ. जे उत्तर मिळेल, ते पेठेत जाऊन तूच सांग. प्रधानाला धाडू नकोस."

राजानं कावड उचलली. पेठेतले लोक भिंतीवर बसून बघत होते. "महाराज, राज्य सोडून पाणक्याचा धंदा धरला की काय?" एकजण ओरडला, आणि सगळे हसले. राजाचा खांदा सोलून निघाला, तरी तो थांबला नाही. मग हसणाऱ्यानंच घरातून घागर आणली आणि तो मागोमाग चालू लागला. त्याच्यामागं सारी पेठ चालू लागली. झऱ्याच्या तळाशी ओल धरली.

मग राजा वाडीत गेला. एक म्हातारी हातात सूप धरून दगड झाली होती. राजा तिच्यासमोर मातीत बसला. "आजी, आणखी किती दगड घेऊ?"

ऊन कलून गेलं, तरी राजा उठला नाही. मग आवाज आला. ओठ मात्र हलले नाहीत.

"बेहड्यापाशी खाण थांबव, बाबा. झरा त्याच्या मुळाखालून निघतो. झाड पडलं की आम्ही कायमचे असेच. अलीकडचा दगड ने. पेठेत माझी लेक दिलीय."

पेठेनं घरचं पाणी ओतून बेहड्याच्या अलीकडचा दगड काढला, पण तो पुरला नाही. भिंतीला एक खिंडार उरलं. प्रधान म्हणाला, "महाराज, खिंडार कुंभारआळीपुढं ठेवावं किंवा राजवाड्यापुढं. कुंभारांची घरं मातीची आहेत. पुन्हा उभी राहतील."

राजाला ते पटलं. तेच सांगायला तो पेठेतल्या कुंभारआळीत गेला. येसाक्का कुंभारीण विकायची नवी चूल लिंपत होती. तिनं मान वर केली नाही.

"खिंडार आमच्याच आळीपुढं ना? ठाऊक होतं मला. राजवाड्याला का कधी पाणी लागतं!"

राजानं पाहिलं, तिच्या पाठीमागं दोरीवर तान्ह्या पोराचे लंगोट वाळत होते.

"यंदापासून लागेल," राजा म्हणाला. "बेहड्यापलीकडचा दगड घ्यायचा नाही."

येसाक्काचा हात थांबला. "अगं बाई! मग राणीसाहेब सैपाक कुठं करणार?"

"माडीवर."

"तर मग माडीवर चूल लागेल. ही ओली नका नेऊ. आतली वाळलेली देते. जड आहे, संभाळून घ्या."

तो चूल उचलत होता, तेव्हा वर डोंगरात मोरांनी अंगावरची धूळ झटकली. म्हातारीनं हातातलं सूप पाखडून पुरं केलं आणि शेळ्यांना हाका मारल्या. झरा वाहू लागला. डोंगराला पडलेला खड्डा मात्र तसाच राहिला, आणि त्यावर गवत उगवायला फार काळ गेला.

पावसाळ्यात नदी आली. भिंतीपाशी थबकली, वळली आणि खिंडारातून राजवाड्यात शिरली. त्या वर्षी दरबार जिन्यावर भरला. फिर्यादी तराफ्यावर बसून आले. पाणी एक पायरी चढलं, तसा राजा एक पायरी वर सरकून बसला आणि म्हणाला, "हं, पुढं कोण आहे?"