मागचा नवा, पुढचा जुना

टायर आपसात बोलायचे, तेव्हाची ही गोष्ट. नर्स दमयंतीबाईंनी मोटरसायकलला मागे चिखल पकडणारा नवा, जाड रबरी बटणांचा टायर घातला. पुढचा मात्र झिजून गुळगुळीत झालेलाच ठेवला. जोर मागूनच लागतो, असं त्यांना वाटलं.

साप चावलेल्या पोरीसाठी लस घेऊन त्या निघाल्या. दरीकाठच्या वळणावर चिखल लागला.

"सावकाश!" पुढचा ओरडला. "मला पकड मिळत नाहीये."

"घाबरट कुठला! मी आहे ना मागे," म्हणत मागच्याने आणखी जोर लावला.

"अरे, तू ढकलतोयस म्हणूनच मी घसरतोय!"

गाडी अगदी कडेला जाऊन थांबली. लसीचा डबा छातीशी धरून बाई चिखलातून पायीच पळत सुटल्या.

"मी अजून गेलो असतो," मागचा गुरगुरला.

"हो," पुढचा म्हणाला, "दरीत."